कोंबडीची पिसे का गळतात? फवारणीआधी निदान महत्त्वाचे

पावसाळा ओसरून दिवस लहान होऊ लागले की परसात कोंबड्या पाळणाऱ्या अनेक घरांत एकच चिंता उद्भवते. कालपर्यंत तुकतुकीत दिसणारी, नियमित अंडी देणारी कोंबडी अचानक विस्कटलेली दिसते. मानेवर, पाठीवर किंवा शेपटाखाली उघडी कातडी डोकावू लागते, खुराड्यात पिसांचा खच पडतो आणि अंडी थांबतात. अशा वेळी बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘रोग लागला’ असे समजून ती कोंबडी पडत्या भावाने विकली जाते किंवा कापली जाते. नाहीतर पिकासाठी, ढेकणांसाठी किंवा कुत्र्याच्या गोचिडांसाठी घरात आणून ठेवलेले औषध तिच्या अंगावर फवारले जाते. पहिल्या मार्गाने चांगली कोंबडी हातची जाते. दुसऱ्या मार्गाने विषाचा अंश अंड्यावाटे घरातल्या मुलांच्या ताटापर्यंत पोहोचू शकतो.

पिसे गळणे हा स्वतंत्र रोग नसून ते एक लक्षण आहे. त्यामागे निसर्गक्रम असू शकतो, खुराड्यातील भांडणे असू शकतात, अंगावरचे किंवा भिंतीच्या फटीतले परजीवी असू शकतात, अथवा आहारातील उणीव असू शकते. यांपैकी प्रत्येकावरचा उपाय वेगळा असून एकावरचा उपाय दुसऱ्यावर लागू पडत नाही. दिलाशाची बाब अशी की, यांतील बहुतेक कारणे महागड्या चाचण्यांशिवाय ओळखता येतात. पिसे कोणत्या काळात गळाली, अंगाच्या कोणत्या भागावरची गळाली आणि त्या जागी कातडीवर काय दिसते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निदानाचा मोठा भाग पूर्ण होतो.

परसातील कोंबड्या किती घरांचा आधार आहेत, याची कल्पना २०१९ च्या विसाव्या पशुगणनेवरून येते. त्या गणनेनुसार देशातील एकूण ८५.१८ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी पक्षी परसात पाळलेले होते. आधीच्या गणनेच्या तुलनेत ही संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली, तर व्यावसायिक कुक्कुटपालनातील वाढ सुमारे साडेचार टक्क्यांची होती. आसामपासून केरळपर्यंत आणि झाबुआपासून नंदुरबारपर्यंत या कोंबड्यांची देखभाल प्रामुख्याने घरातील स्त्रिया करतात. आठ-दहा कोंबड्यांच्या मालकिणीला मोठ्या शेडप्रमाणे दर आठवड्याला पशुवैद्यकाची भेट मिळत नाही. त्यामुळे पहिली तपासणी तिलाच करावी लागते आणि ती योग्य रीतीने झाली, तर पुढचे नुकसान टळते.

नैसर्गिक पीसगळ आधी ओळखावी

प्रौढ कोंबडी साधारणपणे वर्षातून एकदा जुनी पिसे टाकून नवी धारण करते. दिवसाचा प्रकाश कमी होऊ लागला की तिच्या शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण बदलते, अंडी देण्याचे चक्र मंदावते आणि पिसे बदलण्याचे काम सुरू होते. भारतात हा काळ बहुधा पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्याच्या आरंभापर्यंतचा असतो. मात्र कडक उन्हाळा, एखाद्या दिवशी पडलेला पाण्याचा खंड, कुत्र्या-मुंगसाचा हल्ला, लांबचा प्रवास किंवा अचानक बदललेले खाद्य यांमुळे तो अवेळीही येऊ शकतो.

नैसर्गिक पीसगळीला ठरावीक क्रम असतो. ती डोके आणि मानेपासून सुरू होते, मग छाती व पाठ, त्यानंतर पंख आणि शेवटी शेपूट असा तिचा प्रवास होतो. दोन्ही बाजूंची पिसे साधारण सारखीच गळतात. उघड्या पडलेल्या कातडीवर जखम, खपली किंवा लाली नसते. उलट, बारकाईने पाहिल्यास टोकदार, मेणचट आवरणातली नवी पिसे उगवताना दिसतात. स्थानिक भाषांत त्यांना काटे, खुंट अशी नावे आहेत. कोंबडी थोडी सुस्तावते, पण खाणेपिणे सोडत नाही. हा सारा क्रम पूर्ण व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागतात आणि त्यानंतर तीच कोंबडी नव्या पिसांनिशी पुन्हा अंडी देऊ लागते. पिसे गळाली म्हणून या काळात विकलेली कोंबडी ही बहुधा नव्या हंगामाच्या तयारीत असलेली कोंबडी असते.

या काळात तिला औषधाची नव्हे, खाद्याची गरज असते. पिसाचा जवळजवळ सगळा भाग केरॅटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्यासाठी मेथिओनिन व सिस्टिन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात. केवळ तांदळाची कणी, ज्वारी किंवा घरातले उष्टे यांतून ती पुरेशी मिळत नाहीत. सोयाबीन किंवा तिळाची पेंड, शेवग्याचा पाला, अझोला, उकरून मिळणारे किडे-वाळवी यांची जोड दिल्यास पिसे लवकर भरतात. सुकी मासळीही उपयुक्त असते. पण तिच्यातील मीठ पक्ष्यांना बाधू शकते, म्हणून ती धुऊन, वाळवून आणि थोड्या प्रमाणातच द्यावी. बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड मात्र कधीही देऊ नये. तिच्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष कोंबडीचे यकृत निकामी करते.

उगवत्या पिसाच्या मुळात रक्तपुरवठा चालू असतो. त्यामुळे पीसगळीच्या काळात कोंबडीला वारंवार पकडल्यास तिला वेदना होतात आणि असे पीस मोडल्यास रक्तही येते. तिला कमीत कमी हाताळावे आणि थंडीच्या प्रदेशात वाऱ्यापासून आडोसा द्यावा.

दोन बाबींत गैरसमज होऊ नये. खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पोटाखालची पिसे गळतात किंवा ती स्वतःच उपटते, कारण २१ दिवसांच्या उबवणीत अंड्यांना कातडीची ऊब थेट मिळावी लागते. हा रोग नव्हे. तसेच काही देशी कोंबड्यांची मान जन्मतःच उघडी असते. उष्ण हवेत शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यास हा गुण उपयोगी पडतो, म्हणूनच बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने ‘हितकारी’ हा वाण विकसित करताना उघड्या मानेच्या कोंबड्यांचा उपयोग केला.

जागेवरून कारण कळते

पिसे सर्वत्र सारखी न गळता एखाद्याच भागावरची गेली असतील, तर ती जागा पुष्कळ काही सांगते.

फक्त पाठीच्या मध्यावरची आणि डोक्यामागची पिसे तुटलेली असतील, तर कारण बहुतेक वेळा कोंबडा असतो. मीलनाच्या वेळी तो चोचीने डोक्यामागची पिसे धरतो आणि त्याच्या नख्या पाठीवर घासतात. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरेसा असतो. चार कोंबड्यांमागे दोन कोंबडे असतील, तर कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडणारच. जादा कोंबडा वेगळा करणे हाच त्यावरचा उपाय आहे.

शेपटाच्या बुडाशी, पाठीच्या मागच्या भागावर किंवा गुदद्वाराभोवती पिसे उपटलेली असून कातडीवर ताज्या जखमा असतील, तर सोबतच्या कोंबड्या चोच मारत असण्याची शक्यता मोठी. अशा कळपात बहुधा एखाददुसरी कोंबडी पूर्ण पिसांची, धष्टपुष्ट दिसते. टोचणारी तीच असते.

शेपटाखालची आणि गुदद्वाराभोवतीची पिसे विरळ, मळकट किंवा काळपट झालेली असून मुळाशी पांढरे गोळे चिकटलेले दिसले, तर परजीवींचा संशय घ्यावा. मान, पाठ आणि मांड्यांवरची पिसे मुळाजवळ तुटून कातडी तीव्र खाजत असेल आणि कोंबडी स्वतःची पिसे स्वतःच उपटत असेल, तर पिसांच्या मुळात शिरणारे सूक्ष्म परजीवी हेही कारण असू शकते. छातीच्या हाडावर आणि तळपायांवर कातडी जाड, लाल किंवा चिघळलेली असेल, तर दोष बहुधा खालच्या ओल्या गादीचा असतो. पावसाळ्यात भिजलेले तूस किंवा भुसा विष्ठेसह कुजतो, त्यातून अमोनिया निर्माण होतो आणि तो कातडीला जाळतो.

तुरा, डोळ्यांच्या कडा आणि चोचीभोवती चामखिळीसारखे पुरळ किंवा काळपट खपल्या असतील, तर तो परजीवींचा नव्हे, देवी रोगाचा प्रकार असू शकतो. हा विषाणूजन्य रोग मुख्यतः डासांमार्फत पसरतो. त्यावर फवारणीचा काहीही उपयोग होत नाही. निरोगी कोंबड्यांचे वेळेवर लसीकरण आणि डासांचा बंदोबस्त हाच त्यापासून बचाव होय.

तपासणी दिवसा आणि रात्रीही

कोंबडीच्या अंगावरच्या सगळ्याच किड्यांना बोलताना सरसकट उवा किंवा पिसवा म्हटले जाते. उपचाराच्या दृष्टीने मात्र त्यांच्यातील भेद समजून घेणे आवश्यक आहे, कारण काही परजीवी पक्ष्याच्या अंगावर राहतात, तर काही घरात लपतात आणि केवळ जेवायला अंगावर येतात.

खऱ्या उवा आयुष्यभर पक्ष्याच्याच अंगावर राहतात. त्या गवती रंगाच्या, दोन ते तीन मिलिमीटर लांबीच्या असतात आणि पिसे बाजूला सारताच वेगाने पळताना दिसतात. पिसांच्या मुळाशी घट्ट चिकटलेले पांढरे गोळे म्हणजे त्यांच्या लिखा. त्या मुख्यतः पिसे आणि कातडीचा कोंडा खातात. त्यामुळे कोंबडी बेचैन होते, सतत अंग खाजवते, तिचे वजन आणि अंडी घटतात. अंगावरून खाली पडलेली ऊ काही दिवसांत मरते, आणि कोंबडीच्या उवा माणसाच्या अंगावर घर करत नाहीत.

माइट हे गोचिडाच्या कुळातले, टाचणीच्या डोक्याहूनही लहान परजीवी. यांतील लाल माइट सर्वांत फसवा. दिवसा तो कोंबडीच्या अंगावर सापडत नाही. खुराड्याच्या लाकडाच्या फटी, बसण्याच्या दांडीचा खालचा भाग, डालग्याची वीण, अंडी घालण्याच्या पेटीचे कोपरे येथे तो लपून राहतो आणि अंधार पडला की बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचे रक्त शोषतो. पोषक हवामानात त्याची एक पिढी आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होते, आणि पक्षी नसलेल्या खुराड्यातही तो काही महिने उपाशी तग धरू शकतो. म्हणूनच दिवसा कोंबडी तपासून ‘काहीच नाही’ असा निष्कर्ष काढणारे फसतात.

त्याच्यासाठीची तपासणी सोपी आहे. कोंबड्या बसल्यानंतर दोन तासांनी विजेरी घेऊन खुराड्यात जावे आणि पांढरे फडके दांडीच्या खालच्या बाजूने व फटींवरून फिरवावे. फडक्यावर तांबडे डाग उमटले, तर ते रक्त प्यायलेल्या, चिरडलेल्या माइटचे असतात. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला नकार देत असतील, झाडावर बसू लागल्या असतील किंवा खुडूक कोंबडी अंडी सोडून उठत असेल, तरीही हाच संशय घ्यावा. खुराडे साफ केल्यावर घरातल्या माणसांच्या हातांवर खाजरे पुरळ उठते, तेही याच परजीवींच्या चाव्याने असू शकते. माइटची आणखी एक जात दिवसरात्र पक्ष्याच्याच अंगावर राहते आणि शेपटाखालची पिसे काळपट, चिकट करते. ती दिवसाच्या तपासणीतही दिसते.

कोंबडीची गोचीडही लाल माइटप्रमाणे रात्रीच रक्त पिते आणि दिवसा मातीच्या भिंतींच्या भेगांत, झाडाच्या सालीखाली लपते. कोरड्या, उष्ण प्रदेशांत तिचा उपद्रव अधिक होतो. ती उपाशीपोटी वर्षाहून अधिक काळ जगू शकते आणि रक्त शोषण्यासोबत स्पायरोकीटोसिस या जीवघेण्या तापाचे जंतूही पसरवते.

रक्त शोषणाऱ्या परजीवींचा उपद्रव वाढला की तुरा फिका पडतो, कोंबडी अशक्त होते आणि पिल्ले तर रक्तक्षयाने दगावू शकतात. कडकनाथसारख्या काळ्या तुऱ्याच्या आणि काळ्या कातडीच्या कोंबड्यांत हा फिकेपणा किंवा कातडीची लाली सहज दिसत नाही. तेथे पिसांची मुळे पाहण्याबरोबरच छातीचे हाड हाताने चाचपून पाहावे. ते धारदार लागत असेल, तर वजन घटले आहे.

पायांवरचे खवले उचललेले, खडबडीत आणि चुनखडी लागल्यासारखे दिसत असतील, तर खवल्यांखाली बिळे करणारा माइट कारणीभूत असतो. दुर्लक्ष केल्यास कोंबडी लंगडते आणि बोटेही गळू शकतात.

अंगावर उवा फारच वाढल्या असतील, तर आणखी एक शंका मनात ठेवावी. निरोगी कोंबडी चोचीने पिसे विंचरून आणि मातीत लोळून परजीवींना आटोक्यात ठेवते. जी कोंबडी आधीच दुसऱ्या आजाराने खचली आहे किंवा जिची चोच दुखावली आहे, ती हे करू शकत नाही. त्यामुळे एकाच कोंबडीवर उवांचा भार असेल, तर मूळ दुखणे वेगळे असण्याची शक्यता असते.

टोचाटोचीचे मूळ खुराड्यात

कोंबड्या एकमेकींना टोचतात त्यामागे सहसा स्वभावदोषापेक्षा परिस्थिती असते. जागा अपुरी, खाद्याचे भांडे एकच, प्रकाश प्रखर, उन्हाची काहिली, खाद्यात प्रथिनांची किंवा मिठाची कमतरता आणि दिवसभर करायला काही नसणे ही त्याची प्रमुख कारणे. शहराच्या कडेला गच्चीवर किंवा जाळीत कोंडलेल्या कोंबड्यांत हा प्रकार अधिक आढळतो. पूर्णवेळ कोंडलेल्या प्रौढ कोंबडीला जमिनीवर किमान दोन ते अडीच चौरस फूट जागा लागते. त्याहून अधिक मिळाली, तर उत्तमच.

एकदा रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्या त्या जागी पुन्हा पुन्हा चोच मारतात आणि जखम जीवावर बेतते. म्हणून जखमी कोंबडी तत्काळ वेगळी ठेवावी, जखम स्वच्छ करून पशुवैद्यकाने सुचवलेले जंतुनाशक लावावे आणि कातडी भरून आल्यावरच तिला कळपात सोडावे. टोचणारी कोंबडी काही दिवस वेगळी ठेवल्यास तिची दादागिरी बऱ्याचदा ओसरते. पालेभाजीची जुडी दोरीला टांगणे, कोरड्या पाल्यात दाणे विखरून ठेवणे, भांड्यांची संख्या वाढवणे आणि दिवसातून काही तास मोकळे सोडणे यांनी चोचीला काम मिळते. केवळ पिसे उपटली गेलेल्या कळपावर उवांचे औषध फवारल्यास काहीच साधत नाही.

परजीवींवर उपाय : पक्षी आणि घर एकाच दिवशी

परजीवी निश्चितपणे आढळले, तर उपचार एका कोंबडीवर न करता सगळ्या कळपावर आणि खुराड्यावर एकाच दिवशी करावा. एका कोंबडीला औषध लावले आणि फटी तशाच राहिल्या, तर आठवडाभरात परिस्थिती पूर्ववत होते.

सुरुवात घरापासून करावी. जुने तूस, गवत आणि घरट्यातील पेंढा बाहेर काढून जाळावा. डालगी, दांड्या आणि पेट्या कडक उन्हात टाकाव्यात. लाकडाच्या फटींत उकळते पाणी ओतल्यास लपलेले माइट मरतात. मातीच्या भिंतींच्या भेगा लिंपून बुजवाव्यात आणि वर चुन्याचा हात द्यावा. बसण्याच्या दांड्या भिंतीला न टेकवता सुट्या ठेवल्यास परजीवींच्या लपण्याच्या जागा कमी होतात. हे काम श्रमाचे असले, तरी लाल माइट आणि गोचीड यांच्याविरुद्ध त्याला पर्याय नाही.

अंगावरच्या उवा आणि माइटसाठी कुक्कुट पक्ष्यांवर वापरण्यास योग्य अशी भुकटी किंवा द्रावण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरावे. ते शेपटाखाली, पंखांखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूस पोहोचले पाहिजे. डोळे, चोच आणि नाकपुड्या वाचवाव्यात. खाद्य-पाण्याची भांडी आधी बाहेर काढावीत आणि औषध लावणाऱ्याने नाकातोंडावर फडके बांधून हात झाकावेत. बहुतेक औषधांनी लिखा मरत नाहीत. त्यामुळे सात ते दहा दिवसांनी, नवी पिढी अंड्यातून बाहेर आल्यावर, दुसरा हात देणे अत्यावश्यक असते. पहिल्या उपचारानंतर ‘औषध लागू पडले नाही’ अशी तक्रार बहुधा हा दुसरा हात चुकल्यामुळे होते.

पायांच्या खवल्यांसाठी रासायनिक औषधाचीही क्वचितच गरज पडते. कोमट साबणाच्या पाण्यात पाय काही मिनिटे बुडवून मऊ ब्रशने सुटे खवले हळूच काढावेत आणि पाय कोरडे करून पेट्रोलियम जेली किंवा खाद्यतेलाचा जाड थर द्यावा. खवल्यांखालचे माइट त्यामुळे गुदमरतात. हा उपचार काही आठवडे नियमित करावा लागतो. खवले ओरबाडू नयेत. अनेक घरांत या कामी रॉकेल वापरले जाते. त्याने कातडी भाजते आणि दुखणे वाढते, म्हणून ते टाळावे.

अंड्यात उतरणारे औषध

सर्वाधिक सावधगिरी औषधाच्या निवडीत हवी. अंड्यातील बलक कोंबडीच्या शरीरात एका दिवसात तयार होत नाही. घालण्यापूर्वीचे साधारण आठ ते दहा दिवस तो वेगाने वाढत असतो आणि रक्तातून आलेले स्निग्ध पदार्थ त्यात साठतात. अनेक कीटकनाशके स्निग्ध पदार्थांत विरघळणारी असल्याने तीही बलकात जाऊन बसतात. आज अंगावर मारलेल्या औषधाचा अंश पुढच्या कित्येक अंड्यांतून येऊ शकतो, तो यामुळेच.

२०१७ मध्ये युरोपने याचा अनुभव घेतला. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील कुक्कुटगृहांत लाल माइटच्या बंदोबस्तासाठी वनस्पतिजन्य म्हणून विकल्या गेलेल्या एका द्रावणात फिप्रोनिल हे कीटकनाशक बेकायदा मिसळलेले आढळले. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांवर त्याचा वापर करण्यास तेथे मनाई होती. त्याचे अंश अंड्यांत सापडले आणि अनेक देशांच्या बाजारांतून लाखो अंडी परत बोलवावी लागली. तेथे नियमित तपासणी होत असल्याने हा प्रकार उघडकीस आला. परसातल्या अंड्याची अशी तपासणी होत नाही. ते थेट घरच्या कढईत जाते.

भारतात फिप्रोनिल पिकांवर फवारले जाते आणि कुत्र्यांच्या गोचिडांवरील औषधांतही असते. त्यामुळे ते घरात सहज उपलब्ध असते. पिकांवरची कीटकनाशके, मुंग्या-झुरळांसाठीचे खडू व फवारे, कुत्र्यांसाठीचे थेंब, तंबाखूचे पाणी किंवा रॉकेल यांपैकी काहीही कोंबडीच्या अंगावर वापरू नये. गाई-शेळ्यांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनही अंदाजाने देऊ नये. त्याचे अंश अंड्यात उतरतात. पशुवैद्यकाने औषध दिल्यास ते किती दिवस अंडी आणि मांस खाण्यास वर्ज्य ठरवते, हे आवर्जून विचारावे आणि तो काळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नोंदवावा. त्या काळातील अंडी विकणे किंवा शेजाऱ्यांना देणेही टाळावे.

माती आणि राखेचे न्हाणे

कोंबडीचा स्वतःचा उपाय म्हणजे धुळीत लोळणे. कोरडी बारीक माती पिसांच्या मुळांपर्यंत गेली की जादा तेल आणि परजीवी झडून जातात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी कोंबड्यांना गंधक, केओलिन किंवा डायटमयुक्त माती मिसळलेल्या वाळूच्या पेट्या दिल्या, तेव्हा त्यांचा वापर करणाऱ्या कोंबड्यांवरील उवा आणि माइट घटल्याचे आढळले. 

खुराड्याजवळ, पावसापासून आडोसा असलेल्या जागी, एक टोपली मावेल एवढा खड्डा किंवा जुने टायर घेऊन त्यात कोरडी माती, वाळू आणि चाळलेली लाकडाची राख भरली, तरी हा लाभ घरच्या घरी मिळतो. राख पूर्ण थंड आणि कोरडी असावी. ओली राख कातडीला जाळते. प्लास्टिक किंवा रंगवलेले लाकूड जाळून झालेली राख वापरू नये. पावसाळ्यात कोकण, केरळ किंवा ईशान्येकडील राज्यांत कोरडी जमीन मिळत नाही. नेमक्या त्याच दिवसांत परजीवी वाढतात. त्यामुळे छपराखालची अशी जागा तेथे अधिक मोलाची ठरते. खुडूक कोंबडी तीन आठवडे घरट्यात बसून असल्याने तिला लोळायला कमी वेळ मिळतो. तिला बसवण्यापूर्वी घरट्यातील पेंढा बदलावा आणि तिचे अंग तपासावे, म्हणजे पिल्ले जन्मतःच परजीवींच्या तावडीत सापडत नाहीत.

नव्या परजीवींचा प्रवेश बहुधा आठवडी बाजारातून आणलेल्या पक्ष्यासोबत होतो. नवी कोंबडी किमान तीन आठवडे वेगळी ठेवून, तपासून मगच कळपात मिसळावी. ज्या डालग्यातून ती आली ते डालगे खुराड्यात नेऊ नये.

पशुवैद्यकाकडे केव्हा जावे

पिसे गळण्यासोबत कोंबडी खाणे सोडत असेल, उघडी कातडी चिघळत असेल, तुरा फिका पडत असेल, योग्य खाद्य देऊनही तीन महिन्यांत पिसे परत येत नसतील किंवा दोनदा उपचार करूनही परजीवी कायम असतील, तर पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा. अनेक राज्यांत फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे. गावातील पशुसखीकडूनही प्राथमिक मार्गदर्शन मिळू शकते. जाताना पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवलेले दोन-चार किडे आणि काही गळालेली पिसे सोबत नेल्यास निदान सोपे होते.

मात्र कोंबड्या अचानक एकामागून एक मरू लागल्या, डोके व तुरा सुजून निळसर झाला, श्वासाला त्रास होऊ लागला किंवा माना वाकड्या होऊ लागल्या, तर तो पिसांचा प्रश्न राहत नाही. ही राणीखेत किंवा बर्ड फ्लूसारख्या रोगांची लक्षणे असू शकतात. अशा वेळी मृत पक्ष्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये, ते खाऊ वा विकू नयेत आणि पशुसंवर्धन विभागाला त्वरित कळवावे.

एरवी मात्र पिसे गळालेल्या कोंबडीबाबत घाई नुकसानकारक ठरते. एक दिवस तिचे निरीक्षण, एका रात्री विजेरी घेऊन खुराड्याची तपासणी आणि कळपातील इतर कोंबड्यांवर एक नजर, एवढ्यावरून बहुतेक वेळा कारण समोर येते. कारण नैसर्गिक असेल, तर मूठभर पेंड आणि थोडा धीर पुरेसा असतो; कारण खुराड्यात असेल, तर खराटा आणि उकळते पाणी लागते; आणि औषध लागलेच, तर ते कोंबडीइतकेच तिची अंडी खाणाऱ्यांनाही सोसेल असे निवडावे लागते.